रात्री आठनंतर माप नाही: घरगुती धंद्याने पाटी लावावी का?

सुईदोरा
सांगलीत घराच्या पुढच्या खोलीत नऊ वर्षं ब्लाउज शिवते आहे. गेल्या महिन्यात दारावर पाटी लावली: दुपारी 1 ते 4 बंद. रात्री 8 नंतर माप, फोन, चौकशी नाही. अर्जंट शिलाई दीडपट. निम्मे पैसे आगाऊ.

निमित्त असं की लग्नसराईत ओळखीच्या एक बाई रात्री पावणेदहाला आल्या. "लाईट दिसला म्हणून आले." मी मुलाला वाढत होते. हात धुतले, माप घेतलं, मागचा गळा किती खोल यावर वीस मिनिटं गेली. आत येऊन बघते तर पोरगं ताटावरच झोपलेलं. त्याआधीचे दोन आठवडे मी पडदे ओढून आतल्या खोलीत मोबाईलच्या उजेडात हुक लावत होते, बाहेर लाईट दिसू नये म्हणून. स्वतःच्याच घरात चोरासारखी.

पाटीमुळे तीन गिऱ्हाइकं तुटली. सासूबाई म्हणतात, शिवणकामाला कसली आलीय ऑफिसची वेळ? नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान साडेआठला बंद होतं. त्याचं शटर कुणी वाजवत नाही. माझं चुकलं का?

तागडी
ताई, चुकलं. राग मानू नका.

आमचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान, तिसरी पिढी. आजोबा रात्री अकरालासुद्धा मागच्या दाराने साखर द्यायचे. अकराला साखर मागायला कुणी हौसेने येत नाही. घरी पाहुणे आलेले असतात, नाहीतर कुणी गेलेलं असतं. त्याच घरांनी पुढे लग्नाच्या याद्या आमच्याकडे टाकल्या. आता जवळच मॉल झालाय, तिथला भाव आम्हाला खरेदीतसुद्धा मिळत नाही. आमच्याकडे उरलं काय, तर अडीनडीला उभं राहणं. तेही काढून घेतलं तर गिऱ्हाइकाने आमची पायरी चढावी कशाला?

पुण्याच्या दुपारच्या झोपेवर उभा महाराष्ट्र हसला. शेवटी चितळे बंधूंनीही 2017 मध्ये 1 ते 4 दुकान उघडं ठेवायला सुरुवात केलीच ना?

सुईदोरा
दादा, चितळ्यांकडे पाळ्या लावायला माणसं आहेत. माझ्याकडे पाठ एकच, तीही दुपारी तीनला धरते.

मापाचा ब्लाउज
मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. बँकेतून घरी यायला मला साडेसात-आठ होतात. दुपारी बंद, रात्री आठनंतर बंद, मग नोकरी करणाऱ्या बाईने यायचं कधी? रविवारी? रविवारचं पाटीवर काहीच नाही.

आणि थोडं खरं बोलू का. रात्री टेलरच्या दारात उभं राहायची आम्हालाही हौस नसते. "गुरुवारी देते" म्हणून सांगितलेला ब्लाउज शनिवारी संध्याकाळी बिनहुकाचा हातात येतो आणि रविवारी मुहूर्त असतो, म्हणून यावं लागतं. वेळ पाळायची ती फक्त गिऱ्हाइकाने का? तुमच्या पाटीवर तुमच्यासाठी एकही नियम नाही.

सुईदोरा
हे लागलं. लग्नसराईत मी जमणार नाहीत एवढे ब्लाउज घेते. नाही म्हणता येत नाही, म्हणून तारीख देते.

जुळारी
पाटीशी माझं भांडण नाही. पण पाटी कुणासाठी असते ते बघा. 'कृपया उधार मागू नये' माझ्या छापखान्यातही आहे. ती मान्य करतो कोण? शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून घेणारा. एका संस्थेकडे माहितीपत्रकांचे ऐंशी हजार सात महिने अडकलेत, आणि त्यांचा माणूस आला की मी खुर्ची पुसून चहा मागवतो.

कायदा आपल्या बाजूने आहे बरं का. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार, सरकारकडे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचं किंवा सेवा देणाऱ्याचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकतं व्हायला हवं. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वर 2024-25 या कर निर्धारण वर्षापासून, मुदत उलटलेलं बिल प्रत्यक्ष चुकतं केल्याशिवाय देणाऱ्याला ते आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. मी तो फॉर्म दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. पुढच्या वर्षीचं कामही त्यांच्याकडूनच यायचंय.

तेव्हा ताई, रात्री पावणेदहाच्या बाईला पाटी दाखवणं सोपं. ज्याच्यावर चूल अवलंबून आहे त्याला दाखवता आली तर सांगा.

तागडी
तेच म्हणतोय मी. आणि हे 45 दिवस आम्हाला नाहीत. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला त्या वसुलीचं संरक्षण मिळत नाही. आमचा कायदा म्हणजे उधारीची वही आणि डोळ्यांची भीड.

पोळी_भाजी
भीड भिकेची बहीण, असं आपल्याच आज्या सांगून गेल्या.

नाशिकला मी डबे देते. रविवारी रात्रीचा डबा बंद केला तेव्हा चाळीसातले पाच गेले. पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या एका संध्याकाळी मी नुसती बसते, आणि सोमवारी भाजीत मीठ चुकत नाही. 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने दुकान 365 दिवस उघडं ठेवायची मुभा दिली, तरी कामगाराची आठवड्याची सुट्टी ठेवलीच. जिथे मालकीण तीच कामगार, तिथे ती सुट्टी कोण देणार? जुळारींचं बरोबर आहे, मोठ्या गिऱ्हाइकापुढे पाटी चालत नाही. माझ्याकडे एकाच ऑफिसचे अकरा डबे आहेत; त्यांनी रविवारी मागितला तर काय करीन सांगता येत नाही.

तागडी, एक विचारते. तुमचे आजोबा अकराला साखर द्यायचे. मागच्या दाराची कडी काढायला कोण उठायचं?

तागडी
आजी.

तिला कुणी कधी विचारलं नाही, हे कबूल. पण दुकान त्या दारानेच टिकलं, हेही कबूल करा.

पोळी_भाजी
करते. मग दुकानाच्या पाटीवर नाव कुणाचं आहे?

तागडी
आजोबांचं. समजलं. तरी माझं मत अर्धंच बदललंय. दार उघडं हवं, कडी काढायची पाळी वाटून घ्यावी.

सुईदोरा
पाटी बदलली. मंगळवार आणि शुक्रवार रात्री साडेनऊपर्यंत चालू, त्या दिवशी मुलाला नवरा जेवायला वाढणार (तसं त्याने कबूल केलंय, बघू). बाकी दिवस आठ. रविवार पूर्ण बंद. दिलेली तारीख चुकली तर शिलाईत पन्नास रुपये कमी. आठवड्याला अठराच ब्लाउज घ्यायचे, एकोणिसावा पुढच्या आठवड्यात.

जुळारी, तुमचं वाक्य डोक्यातून जात नाही. माझ्याकडे ऐंशी हजारांचं गिऱ्हाईक नाही, पण नणंद आहे. शनिवारी सहा ब्लाउजपीस ठेवून गेल्या. नऊ वर्षांत त्यांच्याकडून एक रुपया घेतलेला नाही, अस्तरही माझंच. पिशवी अजून सोडलेली नाही.

तागडी
निदान अस्तराचे तरी मागा.

सुईदोरा
तुम्ही तुमच्या बहिणीकडे साखरेचे मागता?

तागडी
नाही.