गणपती पेठेत माल उतरवायला टेम्पो उभा करायचा नियम काय?

किराणा_होलसेल:
गणपती पेठेत दुकान आहे. दारात 'नो पार्किंग'चा बोर्ड. छोटा हत्ती चारी इंडिकेटर लावून उभा केला तरी पावती पडते. माल उतरवायचा कसा? दारापुढची जागा कॅरेट ठेवून राखली तर चालेल का?

वाहतूक_सांगली:
आधी बोर्ड नीट बघा. निळ्या गोलावर एकच तिरकी लाल रेघ म्हणजे नो पार्किंग. लाल फुली असेल तर थांबायलाच बंदी, तिथं एक पोतंही उतरवायचं नाही. खालच्या पाटीवरची वेळ आणि बाणही वाचा. पी-1, पी-2 असेल तर सम-विषम तारखेला बाजू बदलते. इंडिकेटर लावून कसलीही सूट मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्यांदा 500, पुन्हा सापडलात तर 1500 रुपये, गाडी उचलली तर टोइंगचा खर्च वेगळा.
कॅरेटचं नाव काढू नका. रस्ता सगळ्यांचा आहे; महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 231 खाली नोटीस न देता उचलून नेता येतं.

टेम्पो_मिरज:
वेळ पोती उतरवण्यात जात नाही, बिल शोधण्यात आणि मोजणीत जातो. पन्नास किलोची पंधरा पोती दोन हमाल दहा मिनिटांत आत टाकतात. मोजणी दुकानात करा. आधी उतरायचा माल शेवटी भरा, नाहीतर भर पेठेत अर्धा हौदा रिकामा करावा लागतो.
गाडी डावीकडे कडेला चिकटवा आणि डावा फाळका पाडा. मागचा पाडला की तो लोंबून नंबरप्लेट, टेललाइट झाकतो आणि पाठीवर पोतं घेतलेला हमाल थेट गाड्यांच्या तोंडी येतो. हे फार धोक्याचं आहे. ड्रायव्हरनं सीट सोडू नये. चौक, वळण, बसथांबा, शाळा-दवाखान्याचं दार टाळा.

किराणा_होलसेल:
आणि चढ-उताराची कायमची जागा मिळवायची तर?

वाहतूक_सांगली:
एकट्यानं नको, गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांच्या सह्यांनी अर्ज करा, वाहतूक शाखा आणि महापालिका दोन्हीकडे. रस्त्याची रुंदी, कोणत्या वेळी किती गाड्या येतात आणि कच्चा नकाशा जोडा. दिवसभराची जागा मागू नका, दुकानं गजबजायच्या आधीचे दोन तास मागा, मंजुरीची शक्यता वाढते. मंजूर जागेत दुकानदारांच्याच मोटारसायकली लागू देऊ नका. टेम्पो पुन्हा रस्त्यात उभा राहतो. आणि अधिसूचना निघेपर्यंत स्वतः बोर्ड रंगवून लावू नका, पावती झाली तर तो दाखवून उपयोग नाही.