आगरात तिन्हीसांजेला चावणाऱ्या घुंगुरट्यांवर उपाय हवा आहे

नमस्कार. आमचं आगर अंजर्ल्याच्या बाजूला, खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. नारळ, पोफळी, मधे केळी आणि जायफळ, विहिरीजवळ माझी थोडी फुलझाडं. सासरे ब्याऐंशी वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. शिंपणं आता माझ्याकडे आहे, पण अण्णा आगरात आल्याशिवाय राहत नाहीत, आणि त्यांच्यामागे माझी पाच वर्षांची मुलगी. तिघंही चावून चावून हैराण झालो आहोत.

आधी डासांचं सांगते, कारण त्याचा बराचसा उलगडा झाला. गेल्या भाद्रपदात मला डेंग्यू झाला. पंधरा दिवस उठवत नव्हतं. बरी झाल्यावर अंगावर पांढरे पट्टे असलेले, भर दिवसा चावणारे ते डास येतात कुठून, हे शोधायला लागले. पाटात बघितलं, झाडांच्या आळ्यांत बघितलं. पाणी वाहतं किंवा मुरतं, तिथे काही नव्हतं. मग एक दिवस पोफळीखाली पडलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं पन्हळीसारखं रुंद आवरण, झावळीसकट ओढून बाजूला करत होते, तर तिच्यातलं पाणी पायावर सांडलं. वाटीभरच असेल, चहासारखं तांबूस. त्यात केसाएवढ्या अळ्या नुसत्या वळवळत होत्या. तशा विऱ्या त्या दिवशी चाळीसच्या वर निघाल्या. शिवाय करवंट्या, उंदरांनी पोखरून टाकलेली शहाळी, फुटका माठ.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही विऱ्या गोळा करून उभ्या रचतो, म्हणजे पाणी साठत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा नेम चुकवत नाही. विहिरीजवळची दगडी डोण रिकामी करून काथ्याने घासते, कारण या डासांची अंडी कडेला चिकटून कोरडी कित्येक महिने टिकतात. दिवसाचे डास खरंच कमी झाले. शेजारच्या आगरातही हे करायला हवं, हे डास शे-दोनशे मीटर सहज येतात. काकूंना सांगितलंय, त्या ऐकतील.

आता खरा प्रश्न. संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात काहीतरी वेगळंच चावतं. डासांपेक्षा खूप बारीक, मिरपुडीच्या कणाएवढं काळं. आवाज नाही. घोट्यावर आणि पोटरीवर ठिणगी पडल्यासारखं चुरचुरतं, मग लाल टिपके येतात आणि ते तीन-चार दिवस खाजतात. अण्णा त्यांना घुंगुरटी म्हणतात आणि "आगर म्हटलं की ती असायचीच" एवढंच सांगतात. पण मुलीने खाजवून खाजवून पायाला जखमा केल्यात, ते मला बघवत नाही.

सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा धूर करून पाहिला, अण्णांना खोकला लागतो. गवती चहा लावलाय, काही फरक नाही. पडवीला मच्छरदाणीची जाळी लावली, त्यातूनही ही आत येतात.

१. ही नेमकी काय आहेत आणि कुठे होतात?
२. फवारणी न करता काय करता येईल? आगरात मधमाश्या आहेत, जायफळालाही कीटक हवेत, म्हणून विष नको.
३. लहान मुलीला आणि अण्णांना अंगाला काय लावलेलं चालेल?

खाडीकाठचा
ताई, तुम्ही केलेलं वर्णन आमच्याकडच्या घुंगुरट्यांशी तंतोतंत जुळतं. हे डास नव्हेत, चावणाऱ्या बारीक माश्यांची वेगळी जात आहे. यांना साठलेलं पाणी लागत नाही, ओला आणि कुजकट चिखल लागतो. तिवरांतला गाळ, शेणखताचा भिजलेला ढीग, पाटाच्या कडेला सडणारी केळीची खुंटं. तिवरांना हात लावू नका, किनारा तीच धरून ठेवतात. आपल्या आवारातलं मात्र बघा. शेणखत कुठे ठेवता?

दुसरी गोष्ट वेळेची. ही किडी उडायला फार दुबळी, जरा वारा असला की बाहेर पडत नाही. दुपारी खारा, म्हणजे समुद्राकडून येणारा वारा वाहतो तोवर त्रास नाही. तिन्हीसांजेला खारा पडतो आणि मतलई, म्हणजे रात्री जमिनीकडून वाहणारा वारा, अजून सुटलेली नसते, ती मधली निवांत वेळ त्यांची. तुम्ही नेमक्या त्याच वेळी आगरात असता. शिंपणं तीन-साडेतीनला सुरू करून पाचच्या आत आटपा. पहाटेही टाळा, तेव्हाही ती असतात.

पोफळ
पडवीत सुपारी सोलत बसताना आम्ही टेबलफॅन जमिनीवर ठेवून पायांकडे वळवतो. धुरापेक्षा कितीतरी बरं. जाळी लावायची तर अगदी बारीक विणीची घ्या, साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ही सहज जातात.

गवती चहा नुसता लावून डास जात नाहीत, वास पानं चुरडल्यावर सुटतो आणि तोही थोडा वेळच टिकतो. आमच्या घरी खोबरेल तेलात थोडं कडुनिंबाचं तेल मिसळून लावतात, पण त्याचा वास मुलांना सहन होत नाही.

सावंतवाडीकर
मुलीसाठी माझा अनुभव: आधी कपडे, मग मलम. फिकट रंगाची पूर्ण लांबीची सुती पँट आणि मोजे पँटच्या वरून ओढलेले. डास गडद रंगाकडे जास्त येतात. उघड्या राहिलेल्या जागी डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावता येतं, पाच वर्षांच्या मुलीला चालतं, पण वेष्टनावरचं प्रमाण वाचून, मोठ्यांच्या हाताने, आणि तिच्या तळहातांना, डोळ्यांजवळ, जखमांवर अजिबात नाही. घरात आल्यावर साबणाने धुवा. चावल्यावर थंड पाण्याची पट्टी, नखं कापलेली. जखमांतून पू येत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

एक वेगळी गोष्ट, आमच्याकडची म्हणून सांगतो. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडताप आला, तो गोचिडीमुळे पसरतो. काजूच्या रानात किंवा सड्यावर जाऊन आलात तर गुडघ्यामागे, कंबरेला, कानामागे बघत जा. तुमच्याकडे तो आहे असं म्हणत नाही, पण अंग तपासायची सवय चांगली.

डोण रोज वापरत असाल तर दर आठवड्याला रिकामी करण्यापेक्षा त्यात गप्पी मासे सोडा, अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. वहाळात मात्र सोडू नका, तिथले आपले मासे संपतील.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीकाठचा दादा, तुमचा शेणखताचा प्रश्न वाचून टॉर्च घेऊन बाहेर गेले. ढीग विहिरीला लागूनच आहे, बादलीचं सांडलेलं पाणी रोज त्याच्या बुडाशी जातं. काठीने वरचा थर सरकवला, तर खाली काळा लगदा. आणि माझी फुलझाडं तिथून चार पावलांवर! वाऱ्याची गोष्ट अण्णांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "आमचे वडील दुपारीच शिंपायचे, मीच नोकरीमुळे संध्याकाळ धरली."

उद्यापासून तीनला शिंपणं. ढीग गड्याला सांगून वरच्या अंगाला कोरड्या जागी, झापांच्या छपराखाली हलवते. एकच विचारायचं राहिलं: विहिरीजवळची ती ओली जागा लवकर सुकवायला काय टाकू? जांभा दगडाची खडी टाकली तर चालेल, की पाणी खालीच साचून राहील?