काकूंची छोटी सीडी लागंना गेलीय (सोसायटी ग्रुप, लातूर)

बी-३०२ काकू: कॉम्प्युटरमधलं कुणाला कळतं का? मामंजींच्या सहस्रचंद्रदर्शनाची सीडी लागंना गेलीय. लॅपटॉपला बाहेरून लावायचा ड्राइव्ह नातवानं आणून दिलाय. सीडी घातली की नुसती घरघर, आन् मग विचारतंय, ही डिस्क कशी वापरायचीय? परवा अंबाजोगाईचे पाहुणे येऊ लालेत, त्यांना दाखवायची होती.

ए-१०४ ताई: टूथपेस्ट लावून पुसा काकू.

सी-२०१: विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय काढून टाकलीय त्यांनी. व्हीएलसी नावाचं व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर टाका, चालंल.

बी-४०४: काकू, टूथपेस्ट नका लावू. पुसायचीच तर मऊ सुती कापडानं, मधल्या भोकापासून सरळ कडेकडं. गोल गोल नाही.
@सी-२०१ भाऊ, व्हीएलसीचा नंबर फाईली दिसल्यावर. इथं ड्राइव्हला डिस्क कोरीच वाटू लालीय, म्हणून तर विचारतोय कशी वापरायची. काकू, तिथं कॅन्सल करा. दुसरं कायबी दाबू नका, नाहीतर फॉरमॅट करायला घेईल.

बी-३०२ काकू: अगोबाई. पण गाण्याची सीडी लागती की त्याच्यात.

बी-४०४: तुमची ही शूटिंगची डिस्क बहुतेक डीव्हीडी असंल. सीडी लागली म्हणून डीव्हीडी लागंल असं नसतं. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर, डीव्हीडीला ६५० चा. एक जातो, दुसरा चालू राहतो. विकतची एखादी डीव्हीडी लावून बघा. आन् तुमची सीडी केवढीय?

बी-३०२ काकू: बशीपेक्षा लहान. भाच्याच्या कॅमेऱ्यात थेट हीच घालायचे.

ए-१०१ सचिव: सूचना : टँकर संध्याकाळी ६ ला. मोटार ७ ला चालू होईल.

बी-४०४: मग कळलं. ८ सेंटिमीटरची मिनी डीव्हीडी. शूटिंग झाल्यावर कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' करावी लागती, ते राहिलंय. ते केल्याशिवाय कुठं काय आहे याची यादी डिस्कवर पक्की होत नाही. कॅमेऱ्याला कळतं, कॉम्प्युटरला कळत नाही. मागून उजेडात धरून बघा, आतल्या बाजूला वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतोय का?

बी-३०२ काकू: हाव, दिसतोय. अर्ध्याच्याबी पुढं. आन् वरच्या मजल्यावरच्यांची कीर्तनाची डीव्हीडी लावली, ती मस्त चालली.

बी-४०४: म्हणजे ड्राइव्ह चांगलाय आन् शूटिंगबी आहे. भाच्याकडं कॅमेरा आहे का अजून?

बी-३०२ काकू: माळ्यावर आहे म्हणतोय. बॅटरी मेलीय.

बी-४०४: चार्जर लावून चालू होतोय का बघायला सांगा. पण फायनलाइज चालू असताना लाईट गेली तर डिस्क कायमची जाऊ शकती. आपल्याकडच्या लाईटचा काय भरवसा, इन्व्हर्टरच्या प्लगवरच लावा. कॅमेरा उठलाच नाही तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते फायनलाइज न केलेल्या डिस्कमधूनबी बऱ्याचदा काढतं. सीडी उन्हात ठेवू नका तोवर, आतला रंग उडतो.

(दुसऱ्या दिवशी)

बी-३०२ काकू: लागली!! मामंजी तुळशीजवळ बसलेत, आत्याबाई ओवाळू लाल्यात. आवाज लै बारीकय.

बी-४०४: भारी! व्हीएलसीत आवाज १०० च्या वर नेता येतो. पण आधी आतलं 'व्हिडिओ टीएस' फोल्डर सगळं दोन ठिकाणी कॉपी करा, मग बघत बसा.

ए-१०४ ताई: आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे. तिलाबी फायनलाइज करावं लागंल का?

बी-४०४: नाही ताई, ती लावायला आधी व्हीसीआर शोधावा लागंल 😄