केएच (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) सारखा घसरायलाय, कॅल्शियम 360 च्या वर जाईना, मदत करा

लातूर_रीफ
नमस्कार मंडळी, माझा रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) सव्वा वर्षाचा आहे, संप (खालची फिल्टरची टाकी) धरून 170 लिटर पाणी, आत युफिलिया, झोआ ही प्रवाळं अन क्लाउनफिशची जोडी. बोअरचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 1100 म्हणून घरच्या प्यायच्या आरओचं पाणी वापरतो, ते 140 येतं. महिनाभरापासून केएच दोन दिवसांत 8 वरून 7 वर येतो, कॅल्शियम 360, मॅग्नेशियम 1120 (दोन्ही लिटरमागं मिलिग्रॅम), सॅलिनिटी (खारटपणा) 1.025, पीएच 7.9. बेकिंग सोडा टाकायलोय, त्याच्यामागं लगेच कॅल्शियम क्लोराईड, तर पाणी दुधावाणी पांढरं होतं अन हीटरवर खडूसारखा थर बसलाय. उन्हामुळं रोज 3 लिटर पाणी उडतं. युफिलिया आधीसारखी फुलत नाही, लई जीव लावलाय हो तिला, रात्री उठून बघतो. काय चुकायलंय?

परभणीचा_टँकवाला
भाऊ, मॅग्नेशियम कमी आहे, 1300 च्या आसपास पाहिजे. कॅल्शियम कार्बोनेटचे कण वाढायला लागले की मॅग्नेशियम त्यांच्यावर चिकटून वाढ थांबवतं, ते कमी पडलं की कॅल्शियम अन केएच दोन्ही हीटरवर जाऊन बसतात अन मोजणीत कमी दिसतात. तुमच्या पाण्याला मॅग्नेशियम क्लोराईड साधारण 250 ग्रॅम लागंल, तीन-चार दिवसांत विभागून टाका. सोडा अन कॅल्शियम पाठोपाठ टाकू नका, मधी निदान अर्धा तास जाऊ द्या अन जिथं पाण्याला जोर आहे तिथं हळूहळू ओता. 1 केएच वाढवायला तुम्हाला 5 ग्रॅम सोडा पुरे, दिवसाला त्याच्यावर जाऊ नका.

संभाजीनगर_खारंपाणी
मॅग्नेशियमची पिशवी आत्ता फोडू नका. समुद्राच्या पाण्यात 35 सॅलिनिटीला (किलोमागं 35 ग्रॅम क्षार; तुमचं 1.025 म्हणजे 34 च्या आसपास) कॅल्शियम 410 अन मॅग्नेशियम 1290 च्या जवळ असतं, तुमचं दोन्ही 12-13 टक्क्यांनीच कमी आहे, एकाच प्रमाणात. असं दिसलं की माझा पहिला संशय मिठावर. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं यंत्र) कशानं सेट केला? आरओच्या पाण्यानं शून्य केला असंल तरी 35 ला चुकू शकतो. 36.5 ग्रॅम साधं मीठ 963.5 ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवा, ते काट्यावर नीट मोजून घ्या, त्या पाण्यावर 35 दाखवायला पाहिजे.
अजून एक, प्यायच्या आरओला टीडीएस वाढवायचा नॉब असतो, त्यातून बोअरचं पाणी परत मिसळतं. तो पूर्ण बंद करा अन पुढं डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचं) कॅनिस्टर लावा, शून्य आलं पाहिजे. रोज 3 लिटर म्हणजे महिन्याला साडेबारा ग्रॅम क्षार टँकमधी साचायलेत, पाणी उडतं पण ते उडत नाहीत. पीएचच्या मागं लागू नका, खिडक्या लावून एसीत बसलं की घरातला कार्बन डायऑक्साईड वाढतो अन पीएच खाली येतो, सकाळी खिडकी उघडून बघा.

लातूर_रीफ
दादा, अगदी बरोबर निघालं, 35 च्या पाण्यावर माझा 38 दाखवायलाय! म्हणजे टँकमधी खरी 31 च्या आसपास. पण मीठ गेलं कुठं? पाणी तर मी नियमानं बदलतो.

संभाजीनगर_खारंपाणी
पाणी बदलताना पण त्याच रिफ्रॅक्टोमीटरनं मीठ मोजत असाल, तर दरवेळी कमीच पडणार. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) ओला चालतो का, म्हणजे कपात फेसाबरोबर पाणी जास्त येतं का?

लातूर_रीफ
हो, रोज अर्धा लिटर कप फेकतो.

संभाजीनगर_खारंपाणी
मग झालं, त्या कपात रोज पंधरा-सोळा ग्रॅम मीठ बाहेर जायलंय अन तेवढी जागा तुम्ही गोड पाण्यानं भरायलात. स्किमर जरा सुका करा. आता आठवडाभर उडालेल्या पाण्याच्या जागी 35 चं खारं पाणी भरा, 3 लिटरच्या हिशोबानं सहा-सात दिवसांत जागेवर येईल, घाई केली तर युफिलिया अजून आकसंल. तोवर कॅल्शियम, मॅग्नेशियम काहीच टाकू नका, फक्त केएच 7 च्या खाली गेला तर थोडा सोडा.

परभणीचा_टँकवाला
मी मॅग्नेशियमवरच अडकलो, सॅलिनिटी विचारायला पाहिजे होती. माझा पण रिफ्रॅक्टोमीटर आज तपासतो.

लातूर_रीफ
आठ दिवसांनी लिहायलोय. सॅलिनिटी 35, कॅल्शियम 405, मॅग्नेशियम 1265, काहीच न टाकता! केएच 7.6 वरून दोन दिवसांत 7.4. युफिलिया काल पूर्ण फुलली, घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. हीटरवरचा थर कसा काढू?

परभणीचा_टँकवाला
व्हिनेगरमधी रात्रभर ठेवा. पण आधी स्विच बंद करून हीटर पाण्यातच पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, गरम काच बाहेर काढली की तडकते.