मदत हवी आहे : ढिंगरीच्या अर्काने रंगाईचे सांडपाणी फिके होत नाही

पांझराकाठ : मी धुळ्याजवळ पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) कुट्टीवर ढिंगरी अळिंबी घेतो. पीक निघाल्यावर उरलेले बेड भिजवून गाळले की त्या अर्कात लॅकेज हे विकर (एन्झाइम) उतरते, म्हणून तो ओळखीच्या रंगाई कारखान्याच्या सांडपाण्यात टाकून पाहिला. घरी निळ्या रंगाचे द्रावण छान फिके झाले, कारखान्याचे पाणी मात्र जसेच्या तसे राहिले. अर्क किती वाढवावा, एवढेच सांगावे. मालक घाई करत आहेत.

केळीबाग_रावेर : भाऊ, बेड वाया घालवू नका. त्यात ट्रायकोडर्मा ही बुरशी मिसळून खत करा, केळीला उत्तम.

श्वेतकुज : ट्रायकोडर्माचा भर सेल्युलोजवर असतो. लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा घटक, फोडण्याची खरी ताकद ढिंगरीसारख्या श्वेतकुज (लाकूड पांढरे पाडत कुजवणाऱ्या) बुरशींत आहे, आणि इथे प्रश्न खताचा नाहीच. पांझराकाठ, रंग कोणता, पाण्याचा सामू (pH) किती आणि मीठ कोणते वापरतात?

पांझराकाठ : काळा रिअॅक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग. सुती कापडाला बरेच जण घालतात तसे साधे मीठ आणि सोडा. त्याचा इथे काय संबंध?

श्वेतकुज : सगळा संबंध तिथेच आहे. लॅकेजच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात आणि त्यांच्याच आधारे ते हवेतील ऑक्सिजन वापरते. मिठातील क्लोराइड आणि सोड्यामुळे वाढलेला हायड्रॉक्साइड हे दोन्ही त्या तांब्याशी जोडले जाऊन काम अडवतात. बुरशीचे लॅकेज बहुधा आम्लधर्मी पाण्यात चालते, तुमचे पाणी 10 सामूच्या आसपास असणार. शिवाय तुमचा काळा रंग बहुधा अझो, म्हणजे नायट्रोजनच्या जोडबंधाचा असणार, आणि तसा रंग मध्यस्थ रसायनाविना (विकर आणि रंग यांच्यात दुवा होणाऱ्या रसायनाविना) लॅकेजला सहसा दाद देत नाही. अर्क दुप्पट केल्याने यातले काहीही बदलणार नाही.

जुना_रंगारी : एवढा खटाटोप कशाला? डेनिम फिकी करायला लॅकेज तयार मिळते, तेच आणा.

श्वेतकुज : डेनिमवरही ते मध्यस्थासह आणि इंडिगोवर, म्हणजे जीन्सच्या निळ्या रंगावर, चालते. विकत घेतलेले विकरही खारट, सोड्याच्या पाण्यात असेच अडेल.

जुना_रंगारी : मग ढिंगरीतले पेरॉक्सिडेज हे दुसरे विकर वापरा, हायड्रोजन पेरॉक्साइड घालून.

श्वेतकुज : ही सूचना योग्य आहे, कारण ढिंगरीचे व्हर्सटाइल पेरॉक्सिडेज काळ्या रंगावर थेट चालू शकते. मात्र पेरॉक्साइड थोडे थोडे सोडावे लागते. एकदम जास्त झाले तर विकरच निकामी होते. आधी सौम्य आम्लाने सामू 4.5 वर आणून पाहा, आणि शेजारी उकळलेल्या अर्काची बाटली ठेवा. तीही फिकी झाली, तर रंग विकराने तुटलेला नसून कुट्टीच्या कणांना चिकटलेला आहे, असे समजा. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे मालकांना कृपया सांगू नका. तुटलेले तुकडे पाण्यातच राहतात आणि त्यांची तपासणी वेगळी करावी लागते.

केळीबाग_रावेर : ती कुट्टी गुरांना घातली तर?

श्वेतकुज : पऱ्हाटीवर कीटकनाशकांचा अंश असू शकतो, तपासल्याशिवाय नको. पांझराकाठ, शेवटच्या धुण्याच्या पाण्यात मीठ सर्वांत कमी असते, तेवढेच वेगळे घेता येईल का?

पांझराकाठ : सध्या सगळे एकाच नाल्यात जाते. धुण्याचे पाणी वेगळे काढायला मालक तयार आहेत का, ते विचारतो.