तातडीने मदत हवी: गोधडीचा लाल रंग पांढऱ्यावर उतरलाय

सुईदोरा_लातूर
नमस्कार मंडळी. गोधडी धुतली आणि लाल रंग उतरला. पांढरा भाग सगळा गुलाबी झालाय. गुरुवारी मैत्रिणीच्या नातीचं बारसं आहे, तिच्यासाठीच शिवलीय. मीठ घालू की तुरटी, एवढंच सांगा. व्हिडिओत दहा जण दहा गोष्टी सांगू लालेत, डोकं उठलं. "नवीन शिवा" असं कृपया कुणी लिहू नका. उन्हाळाभर आम्ही चौघी मैत्रिणी माझ्या ओसरीत बसून शिवत होतो, चौघींच्या घरची लुगडी आहेत त्यात. लवकर सांगा, एका हातानं कुत्री हाकलत लिहायलेय.

मीठमिरची
ताई, मूठभर खडेमीठ आणि अर्धी वाटी व्हिनेगर. रात्रभर बुडवून ठेवा. आमच्या आईचा हाच उपाय, कधी फेल गेला नाही.

मांजरपाट
थांबा थांबा. कापड कोणतं? गोधडी वाळली की अजून ओली आहे? हातशिलाई की मशीन? आत काय घातलंय, जुनी साडी का फायबर? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

सुईदोरा_लातूर
अहो कापड म्हणजे नेहमीचंच. वर लुगड्यांचे तुकडे, खाली मांजरपाट, मध्ये जुनी सुती साडी. हातशिलाई, धावदोरा. ओलीच आहे, बादलीत ठेवलीय. मीठ की तुरटी?

अण्णा_जालना
आमच्या लहानपणी वाकळ शिवायला बाया दारावर यायच्या. जेवण, चहा आणि वर जुनं लुगडं, एवढ्यावर दोन वाकळा करून द्यायच्या. टाके असे की पाठ टेकवली की मोजता यावेत. आता दुकानात "हँडमेड क्विल्ट" म्हणून चार हजाराला विकतात. असो. रंगाचं मला काही कळत नाही.

रंगारी
मीठही नको, तुरटीही नको, व्हिनेगरही नको. आणि सगळ्यात आधी ती बादलीतून बाहेर काढा.

मीठ रंगवताना घालतात. त्यानं पाण्यातला रंग सुती कापडाकडे ढकलला जातो. म्हणजे सुटलेला लाल तुम्ही स्वतःच्या हातानं पांढऱ्यावर पक्का चढवणार. तुरटी लागते मंजिष्ठा, आल असल्या झाडपाल्याच्या रंगाला, तीही कापड रंगवायच्या आधी देतात. व्हिनेगरचं काम लोकर-रेशमाच्या आम्ल रंगात. बाजारच्या सुती लालला तिघांचाही उपयोग नाही.

करायचं ते असं. मोठा टप घ्या, गोधडी आत मोकळी हलली पाहिजे. हाताला चटका बसेल इतपत गरम पाणी आणि धुण्याची पावडर, साबणाची वडी नको. रात्रभर ठेवा. पाणी लाल झालं की बदला, निवळ यायला लागेपर्यंत बदलत राहा. पाणी भरपूर असलं की सुटलेला रंग पाण्यात राहतो, बादलीत दाटीवाटीनं कोंबली की तो परत कापडावर बसतो. तोवर वाळवायची नाही, इस्त्री तर अजिबात नाही.

पण लाल नेमका कोणत्या तुकड्याचा आहे ते आधी सांगा.

मीठमिरची
रंगारीदादा, आमच्या आईनं सगळं आयुष्य चुकीचं केलं म्हणायचं का?

रंगारी
आईंच्या वेळी साडी नवी असताना मिठाच्या पाण्यातून काढायचे. त्यात जो कच्चा रंग निघायचा तो पाण्यानं निघायचा, नाव मात्र मिठाचं व्हायचं.

मीठमिरची
बरं. आता आमची आईसुद्धा पाणीच होती म्हणा.

सुईदोरा_लातूर
भांडू नका हो इथं. लाल दोन ठिकाणी आहे. एक साधं लाल पॉपलीन, किनारीला मगजी म्हणून लावलंय. दुसरा माझ्या सासूबाईंच्या इरकलीचा पदर, मधोमध चौकोन. आणि दादा, भरपूर पाणी कुठून आणू? आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं येतो. बोअर आहे, पण त्याच्या पाण्याला साबणाचा फेसच येत नाही.

मांजरपाट
इरकलीचा पदर!! ही गोष्ट आधी नाही का सांगायची? रेशीम असेल तर उकळतं पाणी ओताल तर पदराची वाट लागेल.

रंगारी
बरोबर. दोन गोष्टी करा. पहिली, पांढरा रुमाल ओला करून आधी मगजीवर आणि मग पदरावर जोरात दाबा. रुमालावर लाल कुठं उमटतं ते दिसेल. दुसरी, पदराचा सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राखेची गोळी बोटानं चुरली गेली तर रेशीम. कागदासारखा भुर्रकन जळला तर चमकणारं असलं तरी रेशीम नाही, रेयॉन आहे. रेशीम निघालं तर कोमटच पाणी.

धाराशिवकर
आरओचं जे पाणी बाहेर पडतं ते वापरा ना. फुकट जातं नाहीतरी.

रंगारी
त्या पाण्यात तर क्षार आणखी वाढलेले असतात. फरशी पुसा त्यानं.

अण्णा_जालना
लातूरला पाण्याचं काय सांगता. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, जलदूत. आमचा भाचा तेव्हा तिथं शिकायला होता. आंघोळीचं पाणी बादलीत धरायचा, त्यानंच कपडे, त्यानंच फरशी, उरलं तर तुळशीला. आणि आज गोधडीला टपभर गरम पाणी मागू लालेत लोक.

सुईदोरा_लातूर
अण्णा, मी तेव्हा इथंच होते. मला नका सांगू.

मांजरपाट
ताई, टँकरवाल्याला उगं पैसे घालवू नका. शेजारी-पाजारी नळाचं साठवलेलं असतं, प्रत्येकीकडून एकेक हंडा मागा. बारशाचं काम आहे म्हटल्यावर कोणी नाही म्हणणार नाही. एक सांगा, एवढ्या लग्गालग्गा धुतली काहून? नवी गोधडी बारशात घडी मोडून देतात की.

सुईदोरा_लातूर
हौसेनं नाही धुतली. शेवटची मगजी घालून ओसरीत पसरून ठेवली, आम्ही चौघी चहाला आत गेलो. तेवढ्यात ढवळ्या नालीतनं आला आणि सरळ मधोमध लोळला. पांढरं कुत्रं, काळं होऊन आलं होतं. दुसरी राणी, ती लहान आहे अजून, तिनं शिवणाच्या डब्यात तोंड घातलं, दोऱ्याचा गुंडा चघळून टाकला. एक सुई पण सापडेना तेव्हापासून. ते नंतर बघू, आधी रंगाचं सांगा.

कारवानप्रेमी
राणी कोणत्या जातीची? फोटो टाका. लातूर म्हणजे कारवानीच असणार. चाकूर तालुक्यात जानवळला घरोघर आहेत.

सुईदोरा_लातूर
हाव, कारवानीच. भावानं आणून दिली.

मुधोळचा_राजा
कारवानी म्हणजे मुधोळच हो. नाव वेगळं, कुत्रं एकच.

कारवानप्रेमी
अजिबात नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत कॅरव्हॅन हाउंडच आहे.

मुधोळचा_राजा
आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबमध्ये मुधोळ हाउंड म्हणून. टपाल खात्यानं २००५ मध्ये चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळच आहे. सरकार चुकीचं का?

गोठा_आणि_अंगण
तुमची भांडणं बाजूला ठेवा. मी जनावरांचा डॉक्टर आहे. सुईदोराताई, रंगाचं नंतर. सुई हरवली आणि कुत्रीनं दोरा चघळला, हे तुम्ही पाचव्या ओळीत "नंतर बघू" म्हणून लिहिताय? दोरा गिळला का नुसता चघळला? सुई त्याच दोऱ्यात ओवलेली होती का? राणी खाते का? उलटी केली का? लगेच सांगा.

सुईदोरा_लातूर
डॉक्टरसाहेब, गुंड्याचा दोरा तुटलेला दिसला, किती गेला कळत नाही. सुई ओवलेली होती की नाही ते आठवेना, आम्ही चौघी चार सुया वापरत होतो. सकाळी भाकरी खाल्ली नाही तिनं. मला वाटलं उन्हामुळं.

घरगुती_काकू
दोन केळी आणि तुपातला भात चारा. सुई गुंडाळून बाहेर पडते. आमच्या मोत्यानं खिळा गिळला होता, असाच निघाला.

गोठा_आणि_अंगण
काकू, हात जोडतो, केळी-भात काही नको. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही. दोऱ्याचं एक टोक आत अडकलं की आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होत जातं, ओढलं तर चिरतं. तुम्ही शिवता, नाडी ओढल्यावर नेफ्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आत्ता जिभेखाली बघा, दोरा गुंतलाय का. मग उपाशीच घेऊन निघा, जिथं एक्सरे आहे तिथं. लातुरात नाही जमलं तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. आधी फोन करून जा. एक्सरेत सुई दिसते, दोरा दिसत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणजे एक्सरे कोरा आला तरी दोन-तीन दिवस खाणं, उलटी, शी यावर नजर.

सुईदोरा_लातूर
निघाले. शेजारच्या वहिनीचा मुलगा गाडी काढतोय.

कारवानप्रेमी
काळजी घ्या ताई. कारवानी जात चिवट असते.

मुधोळचा_राजा
मुधोळ. पण हो, चिवट असते.

मांजरपाट
मंडळी, बाकीच्या तिघी मैत्रिणी घरी असतील तर त्यांना कोणीतरी कळवा, गोधडी तशीच बादलीत आहे.

तिसरी_मैत्रीण
मी त्या चौघींतली एक. कालपर्यंत नुसती वाचत होते, आज खातं काढलं. टप आमच्या घरचा, पाणी पाच घरचं. रुमाल दाबून बघितला: मगजी पक्की आहे, रंग पदराचाच. धागा जाळला, केसाचाच वास आला. म्हणून कोमट पाणी केलंय आणि पावडर टाकलीय. पहिलं पाणी पार कुंकवासारखं निघालं. पदर उसवून काढू का?

रंगारी
आत्ता नको. ओल्या कापडावर उसवलं तर भोकं ताणतात. पाणी बदलत राहा. अगदीच थांबलं नाही तर वाळल्यावर बघू.

तिसरी_मैत्रीण
काढूच नये असं वाटतं. तिच्या सासूबाई गेल्या त्या वर्षीचं लुगडं आहे ते.

घरगुती_काकू
गोधडी ठेवताना घडीत डांबरगोळ्या घाला, कसर लागत नाही.

गोठा_आणि_अंगण
घरात कुत्री असताना डांबरगोळ्या नकोत. एखादी खाल्ली तर विषबाधा होते. शिवाय ही बाळाची गोधडी आहे. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला.

अण्णा_जालना
सुई शोधायची तर लोहचुंबक. जुन्या स्पीकरमध्ये असतं, मोठं. कापडावरनं सावकाश फिरवा. आमच्याकडं घोंगडीत अशीच दाभण सापडली होती. तुम्ही लोक तरुण आहात, हे सुचलं कसं नाही कोणाला.

तिसरी_मैत्रीण
अण्णा!! सापडली. आता टपातून काढून चुंबक फिरवलं, उजव्या कोपऱ्याच्या मगजीत, आडवी, दोन थरांच्या मधे. दोऱ्याशिवाय. बाळाच्या अंगाखाली जाणार होती ही. हात थरथरायलेत. तिला फोन करते.

अण्णा_जालना
बघा. पण बाकीच्या तीन सुया मोजा.

तिसरी_मैत्रीण
मोजल्या. तिन्ही आहेत.

सुईदोरा_लातूर
घरी आलो. एक्सरेत काही नाही. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, मऊ आहे म्हणाले. सुईचा फोन तिथंच आला, तर ते पण हसले. राणीनं येताना गाडीत माझ्या साडीचा पदर चघळला. गोठासाहेब, अजून लक्ष ठेवायचंच ना?

गोठा_आणि_अंगण
ठेवायचंच. दोरा बाहेर पडलेला दिसेपर्यंत किंवा तीन दिवस नीट खाईपर्यंत. उलटी झाली तर रात्री-अपरात्रीसुद्धा डॉक्टरांकडं.

सुईदोरा_लातूर
दुसऱ्या दिवशीचं लिहिते. सकाळी अंगणात दोरा निघाला, हिरवा, बराच लांब. कोण म्हणेल असल्या गोष्टीचा आनंद होतो. ती भाकरी खायलीय. गोधडीचं म्हणाल तर पाणी आता फिकट गुलाबी येतंय. मांजरपाट पूर्ण पांढरं होणार नाही असं दिसतंय, पदराच्या भोवती थोडं राहिलंय. मैत्रीण म्हणते राहू दे, मुलगीच आहे. मी अजून एक पाणी देणार.

रंगारी
द्या. सावलीत पसरून वाळवा, दुमडून नाही. आणि बारशात देताना सांगा, पहिली काही धुणी वेगळी.

जिज्ञासू_परभणी
गोधडी छान दिसते. सहा बाय चारची शिवून द्यायला काय घेता? कुरिअर होईल का?

सुईदोरा_लातूर
विकत नाही हो मी. आणि फोटो तर मी टाकलाच नाही.

मुधोळचा_राजा
राणीचा फोटो मात्र टाका. नाक आणि कान बघितल्यावर मी सांगतो मुधोळ की काय.

कारवानप्रेमी
हो, टाकाच.

व्यवस्थापक
कुत्र्यांच्या जातीवर वेगळा धागा काढावा. इथले पुढचे प्रतिसाद हलवले जातील.