२०१३ ची सेकंड हँड आय टेन घेऊ का? काय काय निघतं आणि खर्च किती येतो

अमळनेरचा_कापूसवाला
राम राम मंडळी. घरात पहिलीच चारचाकी घ्यायचीय, नवीन आत्ता झेपणार नाही, दोन सव्वादोन लाखापर्यंत बजेट आहे. जळगावला एकाकडे २०१३ ची आय टेन आहे, पेट्रोल १.१ वाली, एमएच १९ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर ७८ हजार, मागतोय १ लाख ९० हजार. बाहेरून गाडी एकदम चकाचक, सीट कव्हर नवे, पॉलिश मारलेलं. वापर म्हणाल तर गाव ते अमळनेर, आईला अधूनमधून जळगावला दवाखान्यात न्यायचं आणि लग्नसराईत धुळे शिरपूरकडे चक्कर. मला इंजिनमधलं काहीच कळत नाही म्हणून विचारतोय, या वयाच्या गाडीला कोणती कामं निघतात, साधारण किती पैसे बाजूला ठेवायचे? आईला घेऊन निघालो आणि पारोळ्याच्या रस्त्यावर दुपारी गाडी बंद पडली असं नको व्हायला, बाकी थोडाफार खर्च चालेल.

स्पॅनर_धुळे
भाऊ, गॅरेज लाईनमधेच आहे म्हणून सविस्तर लिहितो. पहिला प्रश्न त्या माणसाला हाच विचारा की टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा रबरी पट्टा) कधी बदलला आणि बिल आहे का. १.१ इंजिनला बेल्ट असतो, १.२ च्या ‘कप्पा’ नावाच्या इंजिनला चेन असते, लोक दोन्हीला नुसतं आय टेन म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. ७८ हजारावर जुनाच बेल्ट असेल तर तो बदलल्याशिवाय गाडी चालवूच नका. बेल्ट तुटायच्या आधी आवाज करेलच असं काही नसतं, आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकायची भीती, मग हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग उघडणं आलं, १५ ते २५ हजाराला सहज जातं. तेच आधी बदलला तर बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), मजुरी धरून साधारण ३ ते ५ हजारात काम होतं.

दुसरं सस्पेन्शन, म्हणजे चाकांना धरून ठेवणारे, धक्के झेलणारे भाग. आपल्याकडचे गावरस्ते बघता १२ वर्षाच्या गाडीचे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट कधीतरी बदललेले असतील किंवा आता बदलायला आलेले असतील. खड्ड्यात हळू गाडी घाला, काच खाली करा, रेडिओ बंद, पुढून खडखड आली की समजायचं. लिंक रॉडची जोडी हजार दीड हजार, लोअर आर्म दोन्ही बाजूचे ३ ते ४ हजार, पुढचे शॉकअप गेले असतील तर ५-६ हजार. त्यानंतर अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) करायचीच, नाहीतर नवे टायर पण एका बाजूने खाल्ले जातात.

स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे. गाडी उभी असताना स्टेअरिंग थोडं डावी उजवी हलवून बघा, टकटक असा बारीक आवाज आला तर बहुतेक मोटरमधलं कपलिंगचं रबर झिजलेलं असतं. रबर काही शे रुपयांचं आहे, मजुरीच जास्त लागते कारण स्टेअरिंगचा कॉलम उतरवावा लागतो. काही ठिकाणी अख्खा कॉलम बदलायला सांगतात, लगेच हो म्हणू नका, आधी दुसऱ्याला दाखवा.

क्लच बघायचा असेल तर चढावर तिसऱ्या गिअरमधे पूर्ण रेस द्या. इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी पुढे ओढत नाही म्हणजे क्लच प्लेट गेली. पूर्ण सेट मजुरीसकट ६ ते ८ हजार. हे सगळे आकडे बाहेरच्या गॅरेजचे आहेत, कंपनीच्या वर्कशॉपला जास्त लागतात.

रावेर_केळीपट्टा
स्पॅनर भाऊंनी इंजिनचं सांगितलं, मी उन्हाचं सांगतो. आपला मे महिना म्हणजे ४५ डिग्री, पुण्याचे लोक व्हिडिओत जे सांगतात ते इथे अर्धंच लागू पडतं. गाडी नुसती सकाळीच बघू नका, दुपारी दोन तीनला पण बघा, एसी फुल्ल, अर्धा तास चालवा आणि मग सावलीत नाही तर उन्हातच एसी चालू ठेवून उभी करा. फॅन चालू होतो का ते कान देऊन ऐका. तापमानाचा काटा किंवा दिवा काय म्हणतो तेही बघत राहा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून बघा, गरम असताना हात लावायचा नाही, वाफेने तोंड भाजतं. आत हिरवं किंवा लाल कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत द्रव) दिसलं तर बरं. गढूळ विटकरी पाणी असेल आणि झाकणाच्या रबराला पांढरे खवले चिकटलेले असतील तर मालकाने वर्षानुवर्षे बोअरचं पाणी ओतलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते गावात सगळ्यांना माहितीये, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यात बसतो, हिवाळ्यात काही कळत नाही आणि एप्रिल लागला की गाडी तापायला लागते. नवीन रेडिएटर साधारण ३ ते ५ हजार, होज पाईप वेगळे. पण गाडी आधीच एकदोनदा तापवलेली असेल तर हेड गॅस्केटचं (हेडखालच्या सीलचं) काम निघतं, ते १० हजाराच्या पुढेच. इंजिन ऑईलचं झाकण फिरवून आतली बाजू बघा, चहावरच्या सायीसारखा पिवळट थर दिसला तर ऑईलमधे पाणी गेल्याची शंका घ्यायची आणि चांगल्या मेकॅनिकने तपासल्याशिवाय एक रुपया पण द्यायचा नाही.

एसी थंड नाही असं दिसलं तर विकणारा नेहमी म्हणतो फक्त गॅस भरायचाय. गॅस दीड दोन हजारात भरतो हे खरं, पण गॅस गेला कुठून ते पण बघायला लागतं ना. कूलिंग कॉइल लीक असेल तर डॅशबोर्ड खोलावा लागतो, ५ ते ७ हजार. कॉम्प्रेसर गेला असेल तर नवा १५ हजाराच्या वरच धरा. आईला दवाखान्यात न्यायची गाडी आहे, एसीला हलक्यात घेऊ नका.

आणि गाडी शेडमधे उभी राहत असेल तर बॉनेट उघडून वायरिंग नीट बघा, सरकी कापूस जवळ असला की उंदीर असतातच, कुठे टेप गुंडाळलेला दिसला तर विचारा का गुंडाळलाय.

नंदुरबार_३९
माझं कागदांचं. सरकारच्या एमपरिवहन अॅपवर गाडी नंबर टाकून बघा, बँकेचा बोजा (कर्ज) आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत, चलान किती बाकी. बोजा असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. २०१३ ची गाडी म्हणजे २०२८ ला १५ वर्ष पूर्ण, तेव्हा आरटीओत पुन्हा तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागेल, त्याची फी ५ हजार, वर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे घेतल्यापासून थोड्याच वर्षात हा खर्च आहे, भाव करताना बोलून दाखवा.

आमच्या इकडे बरेच लोक सुरतहून जीजे ०५ च्या गाड्या आणतात, रावेरकडे बऱ्हाणपूरच्या एमपी ६८ च्या येतात. स्वस्त दिसतात पण एनओसी, इथला टॅक्स, आरटीओच्या चकरा धरल्या की फरक उरत नाही. तुमची एमएच १९ आहे हे चांगलं. गाडी घेतल्यापासून १४ दिवसात इन्शुरन्स पण नावावर करून घ्यायला कंपनीकडे अर्ज द्यायचा, हे लोक विसरतात आणि ऐन क्लेमच्या वेळी अडकतात.

चाळीसगाव_घाटवाला
टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाचा, २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा सात वर्षाचं टायर आपल्या उन्हात कडक होतं, कडेला बारीक भेगा दिसतात. चार टायर म्हणजे १३ ते १६ हजार, बॅटरी ४ हजार. आणि ७८ हजारावर डोळे झाकून विश्वास नको. क्लच ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंग घासलेलं आणि मीटर ७८ हजार असं असेल तर सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर देऊन जुन्या नोंदी विचारा, मालक सोबत असेल तर सांगतात.

शक्य असेल तर चार माणसं बसवून घाट चढवून बघा, आम्ही कन्नड घाटात नेतो, तुम्हाला धुळ्याकडे लळिंग आहे. सपाट रस्त्यावर लपलेलं सगळं चढावर बाहेर येतं. बाहेरून बसवलेली सीएनजी असेल तर ती आरसीवर चढवलेली पाहिजे आणि टाकीची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) झालेली पाहिजे. याच बजेटमधे वॅगन आर पण बघा, के सिरीज इंजिनला चेन आहे, बेल्टची चिंता नाही, पार्ट अगदी तालुक्याला मिळतात. आय टेन आतून जास्त छान, एवढं मात्र मान्य.

अमळनेरचा_कापूसवाला
सगळ्यांचे मनापासून आभार, फोटो काढून आणले. कूलंट हिरवं आहे, ऑईलचं झाकण स्वच्छ, एसी दुपारी उन्हात पण गार. पुढून खडखड येतेय आणि स्टेअरिंगची टकटक पण आहे. टायर २०१७ चे निघाले. बेल्टचं बिल नाही, मालक म्हणतो आधीच्या मालकाने बदलला असेल. त्याला तुमचे आकडे मोजून दाखवले, बेल्ट, लोअर आर्म, टायर मिळून २५ हजाराच्या आसपास, तर तो १ लाख ७० वर आलाय. मी दीड लाखावर अडून आहे. स्पॅनर भाऊ, बेल्टसोबत अजून काही बदलायचं का?

स्पॅनर_धुळे
१ लाख ६० पर्यंत आला तर घ्या, कूलंट आणि ऑईल स्वच्छ असलेली गाडी सहसा मिळत नाही. बेल्टसोबत टेन्शनरचं बेअरिंग नवीनच टाका, जुनं धुवून परत बसवू देऊ नका. कॅम आणि क्रँक या इंजिनच्या दांड्यांचे ऑईल सील ओले दिसले तर तेव्हाच बदला, कारण ऑईल बेल्टवर पडलं तर नवा बेल्ट पण फुगून जातो. बदलल्यावर तारीख आणि किलोमीटर एका स्टिकरवर लिहून बेल्टच्या कव्हरला लावायला सांगा. आणि हे काम गाडी नावावर होईपर्यंत थांबवू नका, आईला घेऊन पहिल्यांदा निघायच्या आत करून घेजो भो.